पाळण्याच्या प्रवासाचा हिशेब

मार्गशीर्ष पौर्णिमेला तापीकाठी सारंगखेड्याच्या एकमुखी दत्ताची यात्रा भरते, तेव्हा बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांचे लक्ष घोड्यांच्या बाजारावर खिळलेले असते. शहादा, तळोदा, धडगावकडून आलेल्या पोरासोरांना मात्र ओढ असते ती आकाशपाळण्याची. घोडा विकला गेला की मालक मोकळा होतो. पाळणेवाल्याला यात्रा संपताच आपले सारे भांडवल उकलून, मालमोटारींत भरून पुढच्या गावी न्यावे लागते. मार्गशीर्षाच्या वद्य पक्षातच चारशे किलोमीटरांहून अधिक दूर, नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाची यात्रा असते. चैत्रात धुळ्याची एकवीरा, वैशाखात अमळनेरचे सखाराम महाराज. यात्रांचे पंचांग ठरलेले आणि पाळण्याचे वेळापत्रक त्याला बांधलेले. या स्थलांतराचा खरा खर्च किती आणि तो कोण सोसतो, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही.

मालमोटारींचे भाडे, क्रेन, डिझेल, मजुरी हा खर्च सर्वांना दिसतो. पाळणा वाटेत किंवा अर्धवट उभारलेला असताना जे दिवस कोरडे जातात, त्यांचा खर्च मालकाला कळतो. तिसरा खर्च मात्र कोणत्याच वहीत चढत नाही. एका जागी उभे असलेले यंत्र फिरल्याने झिजते; फिरते यंत्र त्याखेरीज जोडल्या-उकलल्यानेही झिजते. प्रत्येक मुक्कामी पिना आणि नटबोल्ट निघतात, पुन्हा बसतात. वेल्डिंगच्या सांध्यांना प्रवासाचे हादरे बसतात. आणि जमीन तर दरवेळी नवी असते. नदीकाठची भुसभुशीत माती आणि मुरमाड माळ यांवर एकच टेकू सारखा उभा राहत नाही.

परदेशातील अनुभव या बाबतीत बोलका आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्यात सॅन अँटोनियो येथे १९४७-४८ च्या सुमारास बांधलेला एक लाकडी रोलर कोस्टर, ते उद्यान १९८० साली बंद पडल्यावर, दोन हजारांहून अधिक किलोमीटर दूर पेन्सिल्व्हानियातील नोबेल्स या उद्यानात नेण्यात आला. मूळ आराखडे हाती नव्हते. म्हणून लाकडांवर क्रमांक घालून तो उतरविला गेला आणि १९८५ साली ‘फिनिक्स’ या नावाने पुन्हा सुरू झाला. लाकूड नेता आले. पाया नेता आला नाही. जर्मनीत तर १९८९ सालचा ‘ऑलिंपिया लूपिंग’ हा पाच वेटोळ्यांचा प्रचंड पोलादी कोस्टर जत्रांतून हिंडतो. तेथे अशा फिरत्या पाळण्याबरोबर त्याची तपासणी वही असते, आणि नव्या जागी उभारणी झाल्यावर ती अधिकाऱ्यांपुढे ठेवावी लागते.

आपल्याकडे मालक निष्काळजी असतात, असा याचा अर्थ नव्हे. वस्तुतः दोष हिशेबाच्या रचनेत आहे. यात्रेतील जागा बहुधा लिलावाने वा ठरावीक भाड्याने जाते. भाडे ठरलेले, दिवस ठरलेले, मालमोटारीचे दर ठरलेले; मग आखडता येण्यासारखी एकच बाब उरते, ती म्हणजे उभारणीनंतरची तपासणी. समजा, तिकीट ३० रुपये, दिवसाचा गल्ला २० हजार आणि यात्रा १५ दिवसांची आहे. दीड दिवस चाचणीत घालविला तर ३० हजार रुपये आजच्या आज बुडतात. उलट, न तपासलेल्या सांध्यामुळे होणारा अपघात कदाचित वर्षानुवर्षे होणार नाही. आणि झालाच तर त्याची पहिली किंमत मालक नव्हे, पाळण्यात बसलेली मुले मोजतील.

ही भीती काल्पनिक नाही. जुलै २०१९ मध्ये अहमदाबादच्या कांकरिया येथे पाळणा तुटून दोघांचा मृत्यू झाला, आणि तो तर एका जागी उभा असलेला पाळणा होता. सप्टेंबर २०२२ मध्ये मोहालीच्या जत्रेत उंचावरून पाळणा कोसळून अनेकजण जखमी झाले. शेजारच्या गुजरातने २०२४ सालच्या राजकोट अग्निकांडानंतर नियम कडक केले. तेव्हा जत्रेतल्या पाळण्यांना काँक्रीटचा पाया असावा की नाही, यावरून पाळणेवाले आणि प्रशासन यांच्यात वाद झाला. चार दिवसांसाठी पक्का पाया घालणे परवडत नाही, हे पाळणेवाल्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. नियम वाढवायचा आणि त्याचा खर्च मात्र दुर्बळ दुव्यावर टाकायचा, याने नियम कागदावर राहतो.

म्हणून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. जागेचा ताबा यात्रेपूर्वी किमान तीन दिवस, त्या दिवसांचे भाडे न आकारता द्यावा. जागाभाड्यातील ठरावीक हिस्सा तपासणीसाठी राखून अभियंत्याचे शुल्क त्यातून द्यावे, म्हणजे तपासणारा मालकाचा मिंधा राहणार नाही. आणि प्रत्येक पाळण्याची एकच तपासणी वही असावी. आपला जिल्हा गुजरात व मध्य प्रदेशाला लागून आहे. तेव्हा ती वही तिन्ही राज्यांत ग्राह्य धरली जावी.

यामुळे तिकीट महागेल आणि गरीब आदिवासी मुलाची हौस मारली जाईल, असा आक्षेप येईल. वरील उदाहरणात १५ दिवसांत १० हजार माणसे पाळण्यात बसतात. तपासणीचे ३० हजार रुपये त्यांच्यावर वाटले, तर माणशी तीन रुपये पडतात. त्यांतलाही काही भार जागाभाड्यातून उचलता येईल. ज्या बापाने मजुरीतून तिकिटाचे पैसे काढले, तो आणखी तीन रुपये देण्यास कदाचित कुरकुरेल. पण पोरगे खाली उतरेपर्यंत वर पाहत उभा राहणाराही तोच असतो.