ढगांखालचे पाणी

२७ ऑगस्ट १९६७. अमेरिकेतील ओहायो राज्यात वेकमन गावाजवळच्या धावपट्टीवर हवाईछत्रीने उतरावे, या बेताने हौशी साहसवीरांची एक तुकडी जुन्या बी-२५ विमानातून आकाशात गेली. खाली ढगांचा दाट थर असल्याने जमीन दिसत नव्हती. विमान नेमके कोठे आहे, हे वैमानिकाला हवाई वाहतूक नियंत्रकाकडून कळत होते. नियंत्रकाने रडारवरील दुसऱ्याच लहान विमानाचा ठिपका या विमानाचा समजून स्थान सांगितले. त्यावर विसंबून सुमारे २०,००० फुटांवरून १८ जणांनी उड्या घेतल्या. ढग सरले तेव्हा खाली धावपट्टी नव्हती. ईरी सरोवराचे अथांग पाणी होते. १६ जण बुडाले, दोघे तेवढे वाचले.

जमिनीवर अलगद उतरविणारी छत्री पाण्यात मात्र वैरीण होते. भिजलेले कापड अंगावर पसरते, दोऱ्या हातापायांत गुंततात, पट्टे मोकळे होत नाहीत. कपडे व बूट जड होतात. उत्तम पोहणाराही अशा वेळी असहाय ठरतो. शिवाय सपाट पाण्यावरून उंचीचा अंदाज चुकतो. पाणी जवळ आले असे वाटून जो अधांतरीच पट्टे सोडतो, तो उंचावरून कोसळतो. म्हणून पाय पाण्याला लागल्यावरच पट्टे सोडावेत आणि छत्री डोक्यावर पडलीच, तर घाबरून हातपाय न मारता कापडाची एक शिवण धरून कडेपर्यंत सरकत बाहेर पडावे, असे शिकविले जाते.

नियंत्रकाची चूक उघड होती. पुढे न्यायालयानेही शासनाला उत्तरदायी ठरविले. तथापि ढगांतून उडी घेऊ नये, हा नियम तेव्हाही होताच. तो पाळला असता, तर दुसऱ्याची चूक प्राणांवर बेतली नसती.

आज शिक्षणासाठी वा सहलीसाठी परदेशी गेलेली आपली मुले-मुली अशा उडीचा हट्ट धरतात. केवळ नकार देऊन भागत नाही. उडीच्या जागेजवळ नदी, तलाव वा समुद्र आहे काय? असल्यास तरंगण्याचे साधन अंगावर बांधतात काय? सोबतच्या प्रशिक्षकाने पाण्यातून सुटण्याचा सराव केला आहे काय? आणि आकाश ढगाळ असेल, तर उडी रद्द होते काय? या चार प्रश्नांची स्पष्ट उत्तरे मिळाल्यावाचून पैसे भरू नयेत. विमानाचे दार ओलांडल्यावर विचारपूस करण्यास अवधी उरत नाही.