गाडी उलाळ झालीय!

बॉस, वीकेंडला गावी जाऊन तुम्ही काय करता? मी कोल्हारला जाऊन फायटर जेट बांधलं. 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम'मध्ये! गेम तसा रॉकेटचा, पण त्यात सुटे भाग जोडून विमानही बनतं. मी निवडलं नॅट. जेमतेम नऊ मीटर लांबीचं हे चिमुकलं विमान बंगळुरूच्या एचएएलमध्येही बनायचं. १९६५च्या युद्धात त्यानं पाकिस्तानच्या सेबर विमानांना असं सतावलं, की नावच पडलं 'सेबर स्लेयर'.

माझं नॅट दिसायला झकास. पण धावपट्टी सोडली की नाक वर, गिरकी, धडाम! अकरा वेळा.

मागे आण्णा उभे. ''दिवसभर त्या कम्प्युटरवर करतोस काय?'' हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. ''तुम्हाला नाही कळणार,'' हे माझं नेहमीचं उत्तर. बाराव्या धडामला म्हणाले, ''अरे, गाडी उलाळ झालीय तुझी. ऊस मागं जास्त भरला की जू वर जातं, बैलाला फास बसतो. वजन पुढं घे.''

गेममध्ये वजनाचा मध्य पिवळ्या गोळ्यानं दिसतो, पंखांच्या उचलीचा निळ्यानं. पिवळा किंचित पुढे हवा. माझा मागे! जड इंजिन शेपटीत ना. इंधनाची टाकी पुढे सरकवली आणि नॅट सरळ उडालं.

आण्णांनी खुर्ची ओढली. ''आता उतरवून दाखव.''

पुण्याची एसटी चुकली. चुकू दे!