आजोबांची जात सापडते, गिरणी का सापडत नाही?

जात पडताळणीचे कागद गोळा करताना आपण सगळे एकाच वाटेने गेलो आहोत. १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा आणा! मग तहसीलचा अभिलेख कक्ष, कोतवाल बुकाची नक्कल, शाळेतले दाखल-खारीज रजिस्टर, भूमी अभिलेखचे चकरा. दोन महिने खेटे घातल्यावर पणजोबांच्या नावापुढे 'महार' ही नोंद सापडते. आपण तिची प्रमाणित प्रत काढतो, लॅमिनेट करतो आणि जिवापाड जपतो.

आता दुसरा प्रश्न. हिंगणघाट, पुलगाव, देवळी, आर्वी, सिंदी या पट्ट्यातल्या किती तरुणांना सांगता येईल, की तोच पणजोबा कोणत्या गिरणीत, कोणत्या खात्यात कामाला होता?

राज्याने आपल्याकडे आजोबांची जात मागितली, काम कधीच मागितले नाही. म्हणून जातीचा कागद पेटीत राहिला आणि गिरणीचा बिल्ला, हजेरी कार्ड, भविष्य निर्वाह निधीची चिठ्ठी रद्दीत गेली. जातीचा दाखला हा हक्काचा कागद आहे, तो जपलाच पाहिजे. पण पूर्वजाची तेवढीच ओळख आपण पुढे नेत असू, तर मनूच्या वहीतली नोंदच आपण सांभाळून ठेवत आहोत. (आणि गंमत पाहा, गावातल्या जन्म-मृत्यूची खबर ठाण्यावर नेणारा कोतवाल बहुतेक गावांत महारच असे. ज्या वहीत आपण जात शोधतो, तिच्यासाठी पायपीटही आपल्याच माणसाने केली.)

वर्धा जिल्हा म्हणजे कापूस. परदेशी व्यापारात हिंगणघाट हे कापसाच्या वाणाचे नाव झाले होते. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली, १ जानेवारी १८७७ ला नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत हिंगणघाटला बन्सीलाल अबीरचंद व मोहता या घराण्यांच्या, पुलगावला कॉटन मिल अशा गिरण्या उभ्या राहिल्या. या भागातला महार नुसता येसकर नव्हता, तो जाडेभरडे कापड विणणाराही होता. गिरणीच्या स्वस्त मालाने आधी त्याच्या घरचा माग मोडला आणि मग त्याच हातांना मजूर म्हणून आत घेतले. हे उपकार नव्हते. पण भोंग्याच्या वेळेवर जाऊन रोख पगार घेणे आणि पाटलाच्या दारात भाकरीसाठी उभे राहणे यांत जमीन-अस्मानाचा फरक होता.

गिरणीत जात संपली असे मात्र कुणी सांगू नये. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. साचेखात्यात पगार जास्त, म्हणजे बाट हा थेट पैशाचा प्रश्न होता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी तो संपाच्या पुढाऱ्यांपुढे मांडला. म्हणून 'आजोबा गिरणीत होते' एवढ्यावर थांबू नका. कोणत्या खात्यात? साच्यावर, कताईत, की गाठी उचलायला? पाण्याचा माठ एक होता की दोन? आपल्या जिल्ह्यात काय चालत होते, हे मुंबईच्या पुस्तकातून कळणार नाही.

गिरणीचे निदान हजेरीपट असत. गावोगावच्या जिनांचे काय? सरकी काढायच्या रेच्यांवर, रुईच्या धुळीत हंगामभर राबणाऱ्या बहुतेक बायका होत्या. रोजंदारी, हंगाम संपला की घरी. ना बिल्ला, ना निधी. आपण पणजोबाची गिरणी शोधायला निघतो, पणजीचे जीन कुणी शोधत नाही. चळवळीतल्या पुरुषांनी यावर जरा विचार करावा.

याच वर्ध्यात मगन संग्रहालय आहे, १९३८ पासून. चरखा तिथे मानाने बसला आहे. असू द्या. पण सरकारी माहितीपत्रक उघडले की वर्धा म्हणजे सेवाग्राम, खादी आणि पवनार, एवढेच. जिल्ह्यातल्या हजारो हातांनी यंत्रावर काढलेले सूत कुठे दाखवले आहे? यंत्राला शत्रू ठरवणाऱ्या विचाराला बाबासाहेबांनी १९४५ च्या काँग्रेस-गांधींवरील ग्रंथात सडेतोड उत्तर दिले: माणसाला जनावराच्या जिण्यातून सोडवून फुरसत द्यायची तर यंत्र हवेच. यंत्राचा मालक कोण, फायदा कुणाला, हा खरा वाद. आणि नागपुरात काय झाले? एम्प्रेस मिल बंद पडली, त्या जागेवर मॉल आला, नाव एम्प्रेस सिटी. राणीचे नाव टिकले, कामगाराचे नाही.

आपल्यातलेच काही म्हणतात, शोषणाच्या जागेच्या आठवणी कशाला? मनमाडला १९३८ मध्ये रेल्वे कामगारांपुढे बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. दोघांचा हिशेब मांडायचा तर वही लागते. मजूरमंत्री असताना त्यांनी पुढे नेलेल्या दुरुस्तीने १९४६ मध्ये कारखान्याचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. त्याचा फायदा तुमच्या घरात कुणाला झाला, हे नावानिशी सांगता आले तर जयंतीचे भाषण वेगळे होईल. आणि 'तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या फुकटचे खाल्ले' असा फॉरवर्ड आला, की आजोबांचा सेवा दाखला समोर ठेवता येईल.

कामाला लागायचे तर वाटा आहेत. बन्सीलाल अबीरचंद गिरणीचे १९७४ च्या कायद्याने राष्ट्रीयीकरण झाले. ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली म्हणजे तिच्या दप्तराबद्दल माहिती अधिकारात विचारता येते. कागद नष्ट केले असे उत्तर आले, तर कोणत्या आदेशाने, कोणत्या तारखेला, आणि नष्ट केलेल्या कागदांची यादी मागा. वीस वर्षांपूर्वीच्या माहितीला कलम ८(३) ची मदत होते. १९५२ नंतर नोकरीत असलेल्यांसाठी भविष्य निर्वाह निधीचे खाते, गिरणीच्या वादांसाठी नागपूरचे औद्योगिक न्यायालय, जुन्या प्रांताच्या कागदांसाठी नागपूरचे पुरालेखागार. शोधताना आजचे आडनाव धरून बसू नका. जुन्या नोंदीत अनेकदा नाव, बापाचे नाव आणि जात एवढेच असते, म्हणून गावाचे नाव हाताशी ठेवा.

जिनांतल्या बायकांसाठी मात्र कुठलेही कार्यालय नाही. वस्तीत ऐंशी ओलांडलेल्या ज्या आज्या आहेत, त्यांच्याकडे मोबाईल घेऊन याच महिन्यात जा. रोज किती मिळे, मुकादम कोण असे, तान्हे लेकरू कुठे निजवत, आणि दुपारी पाणी कोण वाढे, एवढे चार प्रश्न आधी विचारा.