खेळासाठी हवा, असे म्हणा!

आपल्याकडे मुलाने घरी कॉम्प्युटर मागितला की तो 'अभ्यासासाठी' मागायचा असतो. "मला खेळायला हवा आहे," असे वडिलधाऱ्यांसमोर उघड म्हणणारा विद्यार्थी मला अजून भेटायचा आहे. मीही त्याला अपवाद नव्हतो. परंतु पैसे मोजकेच असतील तर हे लहानसे असत्य फार महागात पडते, असे माझे अनुभवांती झालेले मत आहे.

दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्यांत मांडववाल्याकडे काम करून मी काही रक्कम जमविली होती. उरलेली भर वडिलांनी घातली. एकूण 45,000 रुपये, आणि त्यातच मॉनिटरही बसवायचा. आम्ही दोघे दुकानात गेलो. "कशासाठी पाहिजे?" दुकानदाराने विचारले. वडील शेजारीच उभे. मी म्हणालो, "अभ्यासासाठी." झाले! त्याने कचेरीत शोभेल असे एक तयार यंत्र पुढे केले. "थोडेफार खेळही..." असे मी पुटपुटताच त्याने एकदम दुसरे टोक गाठले. काचेचे कॅबिनेट, सात रंगांचे दिवे, झगमगणारे पंखे! आत काय काय आहे, असे विचारले तर उत्तर एकच : "एकदम भारी आहे." त्या दिवशी आम्ही रिकाम्या हाताने परतलो, हे माझे भाग्यच.

रात्री जेवताना मी खरे काय ते सांगून टाकले. वडील थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग खेळासाठी म्हणूनच नीट बघून घे. बैल घेताना दात बघतात, झूल नाही."

कॉम्प्युटर कधी न हाताळलेल्या माणसाचे हे वाक्य मला पुढे प्रत्येक भाग निवडताना उपयोगी पडले.

आधी ठरवावे, कोणते खेळ खेळायचे आणि केवढ्या चित्रावर. 1920 × 1080 च्या चित्रात 20,73,600 ठिपके असतात. ज्याला 'फोर के' म्हणतात त्या 3840 × 2160 च्या चित्रात 82,94,400, म्हणजे बरोबर चौपट. सेकंदाला 60 चित्रे हवी असतील तर एक चित्र तयार करायला यंत्राला जेमतेम 16.7 मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात चौपट ठिपके रंगवायचे तर ग्राफिक्स कार्डही तसेच दणकट आणि महाग लागणार. आपल्यासारख्याने 1080 वर समाधान मानावे, हे उत्तम.

मला आणि माझ्या मित्रांना 'व्हॅलोरंट' (2020) आणि 'काउंटर-स्ट्राइक 2' (2023) हे खेळ खेळायचे होते. दोन्ही फुकट मिळतात आणि फार मोठे यंत्र मागत नाहीत. म्हणून मी एएमडीचा रायझेन 5 5600जी हा 2021 सालचा प्रोसेसर निवडला. त्याला सहा कोअर आहेत आणि ग्राफिक्सची सोय त्याच्या पोटातच आहे. चित्रातील बारकावे थोडे कमी ठेवले की हे खेळ त्यावर चालतात. मदरबोर्डवर ग्राफिक्स कार्डाची जागा रिकामी आहे. पैसे साठले की ती भरता येईल. ज्यांना आजच मोठे खेळ हवेत त्यांनी मात्र कार्डासाठीच सर्वांत मोठा वाटा राखून ठेवावा. एक सावधगिरी : इंटेलच्या आय3-12100एफ सारख्या, नावाच्या शेवटी 'एफ' असलेल्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सची सोय नसते. स्वस्त पडतो म्हणून तो घेतला आणि कार्ड घेतले नाही, तर पडद्यावर काहीच उमटणार नाही!

रॅम 16 जीबीची एक पट्टी न घेता 8 जीबीच्या दोन घ्याव्यात. पोटातल्या ग्राफिक्सला स्वतंत्र मेमरी नसते, ते रॅममध्येच वाटा मागते. दोन पट्ट्यांमुळे ये-जा करायला दोन वाटा मिळतात आणि खेळात फरक स्पष्ट दिसतो. साठवणीसाठी जुन्या धर्तीच्या हार्ड डिस्कपेक्षा लहान का होईना, एसएसडीच घ्यावी.

आता एस.एम.पी.एस. भिंतीतून येणारी 230 व्होल्टची वीज घेऊन आतल्या भागांना 12, 5 आणि 3.3 व्होल्टने पुरविणारी ही पेटी. ती कोणाला दिसत नाही, म्हणून सगळे तिथेच काटकसर करतात आणि कॅबिनेटसोबत येणारी स्वस्त पेटी पत्करतात. आमच्या गावात विजेचा दाब दिवसातून दहा वेळा रुसतो. ही पेटी बिघडली तर शेजाऱ्यांनाही घेऊन जाऊ शकते. म्हणून मी दिव्यांचे पैसे वाचवून 550 वॅटची चांगली पेटी घेतली. '80 प्लस' ही खूण 2004 पासून दिली जाते. 20, 50 आणि 100 टक्के भारावर किमान 80 टक्के कार्यक्षमता, असा तिचा अर्थ. केवळ त्या खुणेवर विसंबू नये. वॉरंटी किती वर्षांची, हेही पाहावे.

जुन्या कार्डाबद्दलही मित्र विचारतात. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियम या आभासी चलनाने ग्राफिक्स कार्डांवर चालणारी आपली पद्धत बंद केली, आणि रात्रंदिवस राबलेली कार्डे जुन्या बाजारात आली. जुने घेणे गैर नाही. पण समोर अर्धा तास खेळ चालवून पाहिल्याखेरीज पैसे देऊ नयेत. भावांचेही तसेच. 2025 च्या अखेरीस रॅमचे भाव असे भडकले की आदल्या महिन्याची यादी निरुपयोगी ठरली. तेव्हा त्याच दिवशी दोन-तीन दुकानांत विचारावे, 18 टक्के जीएसटीसह पक्के बिल घ्यावे, आणि हप्त्यांच्या मोहात पडून ऋण काढून सण करू नये.

आमचे प्राध्यापक विचारतील, "एवढ्या पैशात किती ग्रंथ आले असते?" प्रश्न रास्त आहे. पण पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने 2020 साली काढलेला 'राजी' हा खेळ त्यांनी एकदा पाहावा, अशी नम्र विनंती आहे. भावाच्या शोधात निघालेली एक मुलगी, आपल्या पुराणांतील देवदेवता, राजस्थानी वळणाचे महाल. कला शाखेच्या विद्यार्थ्याला त्यात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. हा लेखही मी त्याच यंत्रावर टाइप केला. पण ते कारण पुढे करून मी यंत्र घेतले नाही, एवढेच सांगायचे आहे.

ज्यांच्या घरी पिढ्यानपिढ्या हे यंत्र नव्हते, त्यांची निवड चुकली तर ती निस्तरायला मोठा भाऊ नसतो की काका नसतो. श्रीमंताची चूक दुसऱ्या दिवशी बदलून मिळते. आपली चार वर्षे टेबलावर बसून राहते. म्हणून मित्रहो, दुकानाची पायरी चढण्याआधी घरी खरे बोला. खोटे बोलून आणलेल्या यंत्रावर ना धड अभ्यास होतो, ना धड खेळ!

— एक विद्यार्थी, द्वितीय वर्ष कला