फावल्या वेळचे उद्योग : कर्ज काढून अंतराळात



या वेळचा उद्योग म्हणजे एक गेम आहे. "आता या वयात गेम?" असं म्हणणाऱ्यांनी घाईने पुढच्या पत्राकडे वळू नये. या गेममध्ये नुसतं खेळायचं नसतं, त्यात आपल्या हाताने भरही घालता येते, आणि त्यासाठी प्रोग्रामर असण्याची गरज नाही.

गेमचं नाव 'एंडलेस स्काय'. १९९६ साली मॅकिंटॉशवर 'एस्केप व्हेलॉसिटी' नावाचा गेम आला होता. एक लहानसं यान, भलामोठा नकाशा, आणि व्यापार करायचा की लढायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. त्याच धर्तीवर मायकेल झाह्नायझर यांनी हा गेम लिहिला. २०१५ साली तो 'स्टीम'वर आला. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीवर चालतो, फुकट आहे आणि कोड जीपीएल परवान्याखाली खुला आहे. आता त्याचं काम ठिकठिकाणचे हौशी लोक मिळून पुढे नेतात.

सुरुवात आपल्यापैकी अनेकांना ओळखीची वाटेल: डोक्यावर कर्ज! :) साल ३०१३, ग्रह न्यू बोस्टन. बँक ४,८०,००० क्रेडिटचं कर्ज देते, फेड ३६५ दिवसांत, हप्ता रोजचा. त्या पैशातून तीनपैकी एक यान घ्यायचं. 'शटल' प्रवासी नेतं, 'स्टार बार्ज' माल नेतं आणि 'स्पॅरो' लढतं. नवशिक्याने स्पॅरोच्या मोहात पडू नये. शटल किंवा बार्ज घ्या आणि उरलेल्या रकमेतला बराच भाग लगेच बँकेत परत भरा, म्हणजे रोजचा हप्ता हलका होतो.

पुढचं गणितही घरखर्चासारखंच. एका सूर्यमालेतून दुसरीत उडी मारली की एक दिवस जातो आणि साध्या हायपरड्राइव्हला १०० एकक इंधन लागतं. दिवस गेला की हप्ता गेला, आणि खलाशी ठेवले असतील तर त्यांचा पगारही. म्हणून 'जॉब बोर्ड'वर एकाच दिशेची दोन-तीन कामं मिळतात का ते आधी बघायचं, आणि रिकाम्या जागेत तिकडे महाग विकला जाणारा माल भरायचा. भाव नकाशावर दिसतात. 'एम' दाबलं की नकाशा, 'जे' दाबलं की उडी, 'एल' दाबलं की यान आपोआप उतरतं. मध्येच इंधन संपलं तर घाबरू नका, 'टी' दाबून जवळच्या मित्रयानाकडे मदत मागता येते. चाचे दिसले तर सुरुवातीला सरळ पळ काढावा, त्यात कमीपणा नाही.

थोडे दिवस असे काढले की कथानक हळूहळू उलगडू लागतं. माणसांच्या वस्त्यांमध्ये यादवी पेटते, नकाशाच्या कडेला परग्रहवासी भेटतात. ते सगळं इथे सांगून मजा घालवत नाही.

आता मुख्य मुद्दा. या गेममधली यानं, ग्रह, भाव, कामं, संवाद हे सगळं सी++ कोडच्या बाहेर, साध्या टेक्स्ट फाइलींत लिहिलेलं आहे. नोटपॅडमध्ये उघडून वाचता येतं. एखादं काम कसं लिहिलंय पाहा: पहिल्या ओळीत 'मिशन' आणि त्याचं नाव. त्याखाली एक टॅब आत सरकून तपशील: माल कोणता, मुदत किती, कुठून निघायचं, कुठे पोचायचं, आणि काम पूर्ण झालं की पैसे किती. (फाइलीत हे शब्द अर्थातच इंग्रजी अक्षरांत असतात.) कोणती ओळ कोणाच्या पोटात, हे टॅबवरून ठरतं. झालं, एवढंच व्याकरण.

पहिला प्रयोग घरातच करावा. गेमच्या 'प्लगइन्स' फोल्डरमध्ये आपल्या नावाचा एक फोल्डर, त्यात 'डेटा' नावाचा दुसरा, आणि त्यात आपली टेक्स्ट फाइल. मूळ गेममधलं एखादं छोटं काम तिथे उतरवून घ्या, नाव बदला, मजकूर बदला, रक्कम बदला आणि गेम पुन्हा सुरू करा. टॅब चुकला किंवा शब्द चुकला तर 'एरर्स' नावाच्या फाइलीत तक्रार लिहिलेली सापडते. मुलांबरोबर करायला हा प्रकार झकास आहे. आपण लिहिलेलं काम पडद्यावर दिसलं की पुढचं त्यांना शिकवावं लागत नाही.

मूळ गेममध्ये भर घालायची तर ती गिटहबवरून. (तिथे खातं उघडायला किमान १३ वर्षं वय लागतं, तेव्हा धाकट्यांनी प्लगइनवर समाधान मानावं.) प्रकल्पाची आपली प्रत काढायची, तिच्यात बदल करायचा आणि 'पुल रिक्वेस्ट' पाठवायची. सुरुवात अगदी बारीक ठेवा: संवादातली शुद्धलेखनाची चूक, वाक्याचा विस्कटलेला अर्थ, किंवा खेळताना सापडलेल्या दोषाची नीट नोंद. काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं एवढं लिहून सोबत सेव्ह फाइल जोडली, तर दुरुस्ती करणाऱ्याचं अर्धं काम होतं. वीस भागांची महाकथा पहिल्याच दिवशी पाठवू नये. ती तपासणारी माणसंही नोकरी-अभ्यास सांभाळूनच हे करतात.

खरी परीक्षा इथून पुढे. तुमचं लिखाण कोणीतरी ओळ-ओळ तपासतं. "हे वाक्य लांबलंय", "एवढे पैसे जास्त होतात", "हे पात्र असं बोलणार नाही." ऑफिसात आपण आर्किटेक्ट असू, मॅनेजर असू, हाताखाली पंधरा माणसं असतील. इथे तपासणारा कॉलेजचा विद्यार्थीही असू शकतो, आणि त्याचं म्हणणं बरोबरही असू शकतं. हुद्दा बाजूला ठेवून मुद्द्याला मुद्द्याने उत्तर देणं हे आपल्याकडच्या भल्याभल्यांना जड जातं. (ह. घ्या.) वरिष्ठ झाल्यावर आपलं काम असं परखडपणे तपासून देणारं कोणी उरत नाही. इथे ते फुकट मिळतं.

कधी उत्तर सरळ "नको" असंही येतं. तरी केलेलं वाया जात नाही. तेच काम प्लगइन म्हणून आपल्याजवळ राहतं, मित्रांना देता येतं. खुल्या परवान्याचा हाच तर फायदा.

एक सूचना मात्र गंभीरपणे घ्या. बऱ्याच नोकऱ्यांच्या करारात "तुम्ही जे निर्माण कराल ते कंपनीचं" अशा अर्थाचं कलम असतं. खुल्या प्रकल्पाला आपण तेच देऊ शकतो, जे द्यायचा आपल्याला हक्क आहे. कॅलिफोर्नियात लेबर कोडचं २८७० क्रमांकाचं कलम स्वतःच्या वेळात, स्वतःच्या साधनांवर केलेल्या कामाला संरक्षण देतं, पण कंपनीच्या धंद्याशी संबंधित काम त्यातून वगळलेलं आहे. इतर ठिकाणचे नियम वेगळे. तेव्हा आधी करार काढून वाचा, शंका असेल तर लेखी परवानगी घ्या, आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर यातलं काहीही करू नका. व्हिसा नोकरीला बांधलेला असतो तेव्हा असल्या बारीक अक्षरांकडे दुर्लक्ष परवडत नाही.

असो. या शनिवार-रविवारी शटल घ्या, कर्जाचा पहिला आठवडा निभावून दाखवा. आणि खेळताना कुठे वाक्य खटकलं तर नुसतं "काय हे इंग्रजी!" म्हणून सोडून देऊ नका. ते दुरुस्त करून पाठवा.