पदवीची किंमत आणि पदवीचे मोल

बारावीचा निकाल लागला की प्रभादेवीच्या चाळींतून एकच प्रश्न ऐकू येतो : मुलीला पुढे कोठे घालावे? १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि वडिलांच्या जागी मुलाला मिळणारी कायम नोकरीही संपली. आता पदवी हीच या वस्तीची ठेव होय. तेव्हा तिचा हिशेब नीट मांडला पाहिजे.

अनुदानित तुकडीतील मान्यताप्राप्त शिक्षकांचे वेतन शासन देते, म्हणून तेथील शुल्क बेताचे असते. पुष्कळदा त्याच इमारतीत, त्याच विद्यापीठाच्या शिक्क्याखाली चालणाऱ्या विनाअनुदानित अभ्यासक्रमात तो भार विद्यार्थ्यावर पडतो. अधिक शुल्क म्हणजे अधिक चांगले अध्यापन, ही समजूत म्हणूनच निराधार आहे. मात्र अनुदानित जागा रिक्त ठेवून तासिका तत्त्वावर काम भागविले जाते, तेथे स्वस्ताईचा उपयोग तो काय?

शिवाय शुल्क हा खर्चाचा एक भाग झाला. बुडालेली मजुरी हा दुसरा. हे ओळखूनच डॉ. आंबेडकरांच्या सिद्धार्थ महाविद्यालयाने १९४६ पासून नोकरदार विद्यार्थ्यांसाठी सकाळचे वर्ग चालविले. मुंबई विद्यापीठाचे पत्रद्वारा शिक्षण १९७१ साली आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झाले. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीशी समकक्ष असल्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. परंतु कागदावरील समकक्षता म्हणजे ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि शंका विचारण्याजोगा शिक्षक नव्हे.

'ज्याला परवडते त्याने पैसे भरून शिकावे', असे सांगणारे एक गोष्ट विसरतात. खासगी शिकवणी न परवडल्यामुळे ज्याचे गुण कमी पडतात, त्यालाच पुढे महागड्या जागेकडे ढकलले जाते. राष्ट्रीय उत्पन्नाचे ६ टक्के शिक्षणावर खर्च करण्याची कोठारी आयोगाची १९६६ ची शिफारस अद्याप पुरी झालेली नाही. ती मागणी सोडता येणार नाही.

तोवर कार्यकर्त्यांनी प्रवेशाच्या दिवसांत घरोघरी बसावे. तुकडी अनुदानित आहे काय, कायम शिक्षक किती, तीन वर्षांचा एकूण खर्च किती, हे कर्ज काढण्यापूर्वी विचारावयास लावावे. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील पात्र मुलींना २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत शुल्कमाफी आहे. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशाला मात्र ती नाही. एवढी माहिती वेळेवर पोहोचली, तरी एखादे घर सावकाराच्या दारी जाण्यापासून वाचेल.