जुनी शिवणपेटी विकू नका, नवी बनवा!



मुरबाडच्या ट्रेनिंगमध्ये एका ताईंनी विचारलं, "सर, नक्षीच्या जुन्या शिवणपेट्या जुन्या बाजारातून घेऊन परदेशात ऑनलाइन विकल्या तर?" आयडिया ऐकायला झकास आहे. पण माझं स्पष्ट मत सांगतो, या वाटेला जाऊ नका.

आधी कायदा बघा. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार 100 किंवा त्याहून जास्त वर्षं जुनी कलाकुसरीची वस्तू 'पुरावस्तू' ठरते. परवान्याशिवाय तिचा धंदा करता येत नाही आणि तुम्हा-आम्हाला ती परदेशी पाठवता येत नाही. हस्तिदंत असेल तर त्याचा व्यापार वन्यजीव कायद्याने बंदच आहे. एका पार्सलपायी भांडवल जाईल, वर केस लागेल.

मग जुन्या पेटीतून घ्यायचं काय? तिची पद्धत! 19व्या शतकात मुंबईत सदेली कामाच्या शिवणपेट्या बनायच्या आणि इंग्रजांच्या घरी जायच्या. आत सुई, दोरा, कात्री, अंगुस्तान यांना वेगवेगळे खण. वरची नक्षी मात्र एकेक तुकडा कोरून केलेली नसायची. लाकूड, हस्तिदंत, कथिल यांच्या बारीक पट्ट्या चिकटवून कांडी करायची आणि तिच्या आडव्या चकत्या कापायच्या. प्रत्येक चकतीवर तीच नक्षी! जुळणी एकदा, माल अनेक पेट्यांना.

आपल्या शहापूर-मुरबाडला बांबूकाम करणारे हात आहेत, वारली चित्रं काढणारे आहेत, शिवणकाम येणाऱ्या ताई आहेत. एकच माप, एकच साचा ठरवा आणि बांबूची शिवणपेटी बनवा.

कॉस्टिंग असं मांडा. समजा साहित्य 140 रुपये, मजुरी 160, पॅकिंग-वाहतूक 50. खर्च 350. विक्री 500 ला केली तर हातात 150. स्वतःची मजुरी धरायला विसरू नका, बहुतेक जण इथेच फसतात.

सुरुवातीला 10 च पेट्या करा. अडकले तर 3,500 रुपयेच अडकतील. शिवणक्लासेसना दाखवा, आसनगावला माहुली बघायला येणाऱ्यांना दाखवा, म्हशाच्या यात्रेत मांडा.

जुनी पेटी एकदाच विकली जाते. रिपीट ऑर्डर आली, तर ती पुरी करता यायला हवी. धंदा त्यालाच म्हणतात. चला, वही काढा आणि पहिल्या 10 पेट्यांचा हिशोब आजच लिहा!